शोध आणि शोधन

आपल्या मराठी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं त्यांच्या पोटांत दोन अर्थ गुण्यागोविंदानें नांदत असतात. ‘संशोधन’ हा त्यांपैकीं एक होय. शोध म्हणजे अज्ञात गोष्ट धुंडाळणें. आणि शोधन म्हणजे हीण काढून वस्तु निर्मळ करणें. सोनार सोनें आगींत घालतो तें शोधन. वैद्य औषधी द्रव्यांतील दोष काढून टाकतो तेंहि शोधनच. हे दोन अर्थ एका शब्दांत एकत्र आले, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. कारण बाहेरच्या जगांत कशाचा शोध लागावयाचा असेल, तर शोधणाराच्या मनाचें आधीं शोधन व्हावें लागतें. अमुकच उत्तर यावें अशी जी आपली आवड, जो हट्ट, जो अभिमान, तो गाळून टाकल्यावांचून निसर्गाचें म्हणणें ऐकूं येत नाहीं. या लेखांत मला एवढेंच सांगावयाचें आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत दुधाळा येथें ‘लायगो-इंडिया’ नांवाची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, हें तुम्हीं ऐकलेंच आहे. नागनाथाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरूहि आतां वाटेंत तिची विचारपूस करतो. पालकसभेच्या दिवशीं एका शेतकरी पालकांनीं मला सरळच विचारलें, “सर, या यंत्रामुळं आमच्या हळदीला भाव येणार आहे का?” जवळ बसलेले दोघेतिघे हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं. ज्यांच्या शिवारांत एखादें मोठें काम येतें, त्यांना त्याचा उपयोग विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. शिवाय त्या प्रश्नाच्या मागें दुसरा एक प्रश्न मला ऐकूं आला, आणि तोच मला अधिक टोंचला. त्या वेधशाळेच्या फाटकांतून आमचीं मुलें आंत जातील तीं कोण म्हणून जातील? पहारेकरी म्हणून, गाडी हांकणारे म्हणून, कीं शोध करणारे म्हणून? पहारा करणें व गाडी हांकणें हींहि प्रामाणिक कामें आहेत, त्यांत कमीपणा नाहीं. परंतु तिसरा दरवाजा आमच्या मुलांसाठीं बंद आहे असें कोणीं ठरविलें?

संशोधन म्हणजे फार दूरची, फार खर्चाची आणि फक्त आकाशाची गोष्ट, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. तो किती चुकीचा आहे हें दाखविण्यासाठीं मी तीन निरनिराळ्या क्षेत्रांतील उदाहरणें घेतों: एक शेतांतलें, एक माणसांच्या वागणुकींतलें, आणि एक आकाशांतलें.

पहिलें उदाहरण तुमच्या आईच्या भाजीच्या टोपलींतलें आहे. भेंडीच्या पिकावर एक रोग येतो. त्यानें पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळें पिवळट व निबर होतात आणि बाजारांत तीं कोणी घेत नाहीं. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हा रोग नेते. ‘पुसा सावनी’ नांवाची एक चांगली जात पूर्वी सर्वत्र लावीत. पण पुढें तिच्यावरहि हा रोग पडूं लागला. तेव्हां आपल्या शेजारच्या परभणीच्या कृषि विद्यापीठांतील शास्त्रज्ञ जांभळे आणि नेरकर यांनीं निराळी वाट धरली. एक रानटी भेंडी अशी होती कीं तिला हा रोग होत नसे; परंतु तिचीं फळें खाण्याजोगीं नव्हतीं. तिचा आणि ‘पुसा सावनी’चा त्यांनीं संकर केला. संकराच्या पहिल्या पिढींत बीं फारच थोडें धरतें. जें मिळालें त्याचा पुन्हां ‘पुसा सावनी’शीं संकर करावयाचा, रोगट तेवढीं झाडें काढून टाकावयाचीं, निरोगी व चांगल्या फळांचीं तेवढीं ठेवावयाचीं, आणि पुढच्या हंगामाची वाट पाहावयाची, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्यांतून ‘परभणी क्रांति’ ही जात निपजली, आणि १९८६ मध्यें तिची हकीकत शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ही जात पुढें देशभर लावली गेली. विषाणूहि स्वस्थ बसत नाहींत. कालांतरानें कांहीं भागांत या जातीवरहि रोग दिसूं लागला, आणि शास्त्रज्ञांना पुन्हां कामास लागावें लागलें. शेतांतील संशोधनास शेवटचें पान नसतें.

या विद्येचें नांव आनुवंशिकी. तिचा पाया कोणीं घातला हें सांगतांना मला विशेष आनंद होतो. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो येथील मठांत राहणारा एक ख्रिस्ती संन्यासी. मठाच्या बागेंत १८५६ पासून आठ वर्षें त्यानें सुमारें २८,००० वाटाण्याचीं झाडें तपासलीं. जांभळ्या फुलांच्या व पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला असतां पहिल्या पिढींत सर्व फुलें जांभळींच आलीं. पण दुसऱ्या पिढींत ९२९ झाडांपैकीं ७०५ जांभळीं व २२४ पांढरीं निघालीं, म्हणजे जवळजवळ तिनास एक. पांढरा रंग नाहींसा झाला नव्हता. तो दडून बसला होता. मेंडेलनें आपलें म्हणणें १८६५ मध्यें वाचून दाखविलें व १८६६ मध्यें तें छापलें गेलें. परंतु १९०० सालापर्यंत त्याचें मोल कोणास कळलें नाहीं. तोंपर्यंत त्याला जाऊन सोळा वर्षें झालीं होतीं. “या वाटाण्याचा उपयोग काय?” असें त्यास कोणी विचारलें असतें, तर त्या दिवशीं तो काय सांगणार होता? आणि तरीहि परभणीची भेंडी त्याच मोजणीच्या वाटेनें आली.

आपल्या वसमतकडील हळदीचेंच पाहा. हळद आपण बियांपासून लावीत नाहीं, बेणें लावतों. याचें कारण त्या झाडाच्या पेशींत दडलेलें आहे. साधारणतः झाडांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. हळदींत तीन असतात. तीन संचांची सारखी वांटणी होत नाहीं, म्हणून तिला बीं धरणें फार कठीण जातें. बेण्यापासून येणारें रोप आपल्या आईची हुबेहूब नक्कल असतें. त्यामुळें चांगला गुण टिकतो हें खरें, पण नवा गुण आणावयाचा तर भेंडीसारखा सरळ मार्ग उरत नाहीं. भावाचा प्रश्न बाजाराचा आहे. परंतु बेण्याचा, सडीचा, उताऱ्याचा प्रश्न हा आपल्याच बांधावर उभा असलेला संशोधनाचा प्रश्न आहे.

झाडांचें ठीक आहे, असें तुम्ही म्हणाल. तीं मोजतां येतात. पण माणसांच्या स्वभावाचें संशोधन कसें करावयाचें? माणसांकडून काम कसें करून घ्यावें, पुढारी कसा असावा, यावर प्रत्येकाचें मत आधींच तयार असतें. कोणी म्हणतो, धाकावांचून काम होत नाहीं. कोणी म्हणतो, प्रेमानें सर्व होतें. दोघेहि आपापल्या अनुभवाच्या गोष्टी सांगतात आणि वाद जेथल्या तेथें राहतो. जर्मनींत हिटलरची सत्ता आल्यावर १९३३ मध्यें देश सोडून अमेरिकेस गेलेल्या कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानें हा वाद प्रयोगावर आणला. लिपिट व व्हाइट या सहकाऱ्यांसह त्यानें आयोवा विद्यापीठांत दहाअकरा वर्षांच्या मुलांचीं लहान लहान मंडळें केलीं व त्यांना मुखवटे करण्यासारखीं कामें दिलीं. एका प्रकारचा पुढारी सर्व कांहीं स्वतः ठरवी व हुकूम सोडी. दुसरा मुलांशीं विचारविनिमय करून काम वांटी. तिसरा मुलांना मोकळें सोडून बाजूस बसे. आळीपाळीनें पुढारी व त्यांची रीत बदलीत, म्हणजे दोष मुलांचा कीं रीतीचा हें कळावें. बाजूस बसलेले निरीक्षक सर्व टिपून घेत.

१९३९ मध्यें प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष शिक्षकांनीं व पालकांनीं वाचण्यासारखे आहेत. हुकूम सोडणारा पुढारी समोर असेपर्यंत काम पुष्कळ होई, किंबहुना थोडें अधिकच होई. परंतु तो खोलीबाहेर गेला कीं काम झपाट्यानें उतरे. विचारविनिमय करणारा पुढारी बाहेर गेला तरी काम जवळजवळ तसेंच चाले. मोकळें सोडलेल्या मंडळांत काम थोडें व खेळ फार. वीस मुलांपैकीं एकोणीस जणांना हुकूम करणाऱ्यापेक्षां विचारविनिमय करणारा पुढारी अधिक आवडला. येथें दोन्ही बाजूंच्या वादकांना थोडी हार खावी लागली, हें लक्षांत घ्या. धाकानें काम होतच नाहीं असें निघालें नाहीं, आणि नुसत्या मोकळेपणानें सर्व होतें असेंहि निघालें नाहीं. अर्थात्‌ वीस मुलांवरून साऱ्या जगाचा कायदा ठरत नाहीं. म्हणून पुढें इतरांनीं कारखान्यांत, कचेऱ्यांत व शाळांत हेच प्रश्न पुन्हां पुन्हां तपासले. पण मत आणि परीक्षा यांत काय अंतर असतें, तें या एका प्रयोगानें स्वच्छ दिसतें.

आतां तिसरें उदाहरण, आपल्या दुधाळ्याचें. आइन्स्टाइननें १९१६ मध्यें असें गणित मांडलें कीं प्रचंड वस्तु वेगानें हलल्या म्हणजे अवकाशांतच लहरी उठाव्यात, जशा तळ्यांत दगड पडला असतां उठतात. या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर येईपर्यंत इतक्या क्षीण होतात कीं त्या पकडण्यासाठीं एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या बांधतात, त्यांतील हवा काढून घेतात, त्यांतून लेसर किरण सोडतात व दोन्ही नळ्यांच्या लांबींत अणुगर्भांतील प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढा फरक पडला तरी तो टिपतात. रस्त्यावरील जड वाहनांचा धक्का, समुद्राच्या लाटांचा आघात, जमिनीचा बारीक कंप, हे सर्व या मोजणीचे शत्रु. म्हणून शांत जमीन शोधीत शास्त्रज्ञ आपल्या जिल्ह्यांत आले. ज्या शांततेला आपण मागासलेपण म्हणून नांवें ठेवीत होतों, तीच येथें गुण ठरली!

अमेरिकेंत अशा दोन वेधशाळा आहेत, हॅनफर्डला एक व लिव्हिंग्स्टनला एक. तेथील काम आरंभीं नीट चालत नव्हतें. बुद्धिमान माणसांची उणीव नव्हती. उणीव होती ती एकविचारानें काम चालविण्याची. १९९४ मध्यें बॅरी बॅरिश यांच्याकडे त्याची धुरा आली. त्यांनीं कामाची रचना नव्यानें लावली व १९९७ मध्यें जगांतील शास्त्रज्ञांना सामील होतां येईल असें सहकार्यमंडळ उभें केलें. म्हणजे आकाशाचें हें संशोधनहि लेविनच्या प्रश्नापाशीं येऊन ठेपलें: माणसांनीं एकत्र काम कसें करावें? इतकें करूनहि २००२ पासून २०१० पर्यंत त्या यंत्रांना एकहि लहर सांपडली नाहीं. आठ वर्षें निसर्गानें ‘नाहीं’ म्हटलें, आणि त्यांनीं तसेंच जाहीर केलें.

याच काळांतील एक हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. आपले शास्त्रज्ञ उतावीळ होऊन फसतात कीं काय हें पाहण्यासाठीं, मोजक्या माणसांनीं कोणास न कळवितां यंत्रांत केव्हां तरी खोटी खूण मिसळावी, असा संकेत सर्वांच्या संमतीनें ठरला होता. सप्टेंबर २०१० मध्यें एक सुंदर खूण उमटली. सुमारें सहा महिने शेंकडों लोकांनीं तिची छाननी केली, प्रबंधहि लिहून तयार केला. मार्च २०११ मध्यें सर्वांसमोर पाकीट उघडलें, तेव्हां कळलें कीं ती खूण बनावट होती! सहा महिन्यांचे श्रम त्यांनीं परीक्षा म्हणून मान्य केले. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजीं खरी लहर आली, तेव्हां पहिला प्रश्न निघाला तो “ही पुन्हां बनावट तर नव्हे?” हाच. जवळजवळ पांच महिने तपासून ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं त्यांनीं जगाला सांगितलें कीं सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूर दोन कृष्णविवरें एकमेकांत मिळालीं, व त्यांची हांक आम्हीं ऐकली. त्या प्रबंधावर हजारांहून अधिक नांवें आहेत. २०१७ मध्यें वाइस, बॅरिश व थॉर्न यांना नोबेल पारितोषिक मिळालें. गोंगाटांतून अशी क्षीण खूण वेंचून काढण्याच्या गणितांत, जयंत नारळीकरांनीं पुण्यास १९८८ मध्यें उभारलेल्या ‘आयुका’ संस्थेंतील संजीव धुरंधर यांचा वांटा मोठा आहे. मराठी माणूस या कामांत तेव्हांपासूनच आहे. दुधाळ्यास तें काम आतां नव्यानें आलेलें नाहीं.

भेंडी, मुलें आणि कृष्णविवरें! तीन क्षेत्रें एकमेकांपासून किती दूर! पण तिन्हींचा आत्मा एकच आहे. प्रश्न असा विचारावयाचा कीं त्याचें उत्तर ‘नाहीं’ असेंहि येऊं शकेल, आणि तें आलें तर तें दडवावयाचें नाहीं.

हा गुण अंगीं यावयाचा तो मोठेपणीं वेधशाळेंत येत नाहीं; तो शाळेच्या प्रयोगवहींत यावा लागतो. एके वर्षीं लोलकाच्या प्रयोगावरून गुरुत्वत्वरण काढावयाचें होतें. पुस्तकांतील उत्तर सर्वांना ठाऊक, त्यामुळें बहुतेक वह्यांत ९८० च्या आसपासचे आंकडे सुबक अक्षरांत उतरले. एका मुलीच्या वहींत मात्र ९४५ होतें. ती संकोचून म्हणाली, “सर, खोडूं का?” मीं म्हटलें, “जसें आलें तसें राहूं दे. तें कोठून आलें तें पाहूं.” आम्हीं पुन्हां मोजलें. तिनें दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजतां वरच्या आंकड्यापर्यंतच मोजली होती. लोलक लहान असल्यामुळें तेवढ्यानेंहि उत्तर बरेंच खालीं आलें होतें. लोलकाची लांबी कोठून कोठपर्यंत धरावयाची हें त्या दिवशीं साऱ्या वर्गास कळलें, आणि तें पुस्तकांतल्या ९८० नें नव्हे, तर न खोडलेल्या ९४५ नें शिकविलें.

कित्येकांना वाटतें कीं असें तपासून पाहणें श्रद्धेच्या विरुद्ध आहे. मला तसें वाटत नाहीं. पुनरुत्थानाची वार्ता ऐकून, मी स्वतः पाहीन तेव्हांच मानीन असें थोमा म्हणाला. प्रभूनें न पाहतां विश्वास ठेवणारास धन्य म्हटलें हें खरें. परंतु थोमाला घालवून दिलें नाहीं, आपला घायाळ हात त्याच्यापुढें केला. खऱ्याला तपासणीचें भय नसतें. ज्यानें सृष्टि निर्माण केली, तो तिच्याविषयीं आपण लिहिलेल्या खोट्या आंकड्यानें प्रसन्न होईल काय?

त्या पालकांच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें. दुधाळ्याच्या यंत्रानें हळदीला भाव येणार नाहीं, हें मी प्रामाणिकपणें सांगतों. पण तेथें निर्वात नळ्या, लेसर, संगणक व सूक्ष्म मोजणी यांचें जें काम चालेल, त्याला शिकलेले हात व तपासणारीं डोकीं लागतील. आणि तीं इंदूरहून, गांधीनगरहून व पुण्याहूनच यावींत असा कांहीं नियम नाहीं. तुमच्या मुलानें जेवतांना ‘असें कां?’ म्हणून विचारलें, तर त्यास ‘गप्प जेव’ म्हणूं नका. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाहीं, आपण पाहूं’ म्हणा. हें वाक्य उच्चारण्यास पदवी लागत नाहीं.

आणि मुलांनो, तुम्हांला मी एक सोपें काम सांगतों. येत्या हंगामांत घरच्या हळदीच्या दोन सऱ्या निवडा. वडिलांच्या परवानगीनें एका सरीस एक गोष्ट निराळी करा, बेण्याचा आकार म्हणा कीं लावणीची खोली म्हणा; बाकी सर्व दोहींस सारखें ठेवा. किती बेणीं लाविलीं, किती उगवलीं, किती सडलीं, कंद किती भरले, तें तारीखवार वहींत लिहा. ज्यांना शेत नाहीं त्यांनीं चार महिने रोज पाऊस मोजावा. उत्तर तुमच्या मनाजोगें आलें तर आनंदच आहे. न आलें तर तें अधिक जपून लिहा, आणि वही शाळेंत घेऊन या. ती तपासतांना मी गुण देईन ते उत्तराला नव्हे, न खोडलेल्या आंकड्यांना.